जहांगीरची भिंत आणि त्याआधीची चार माणसं

एखाद्या प्रदर्शनाची मुदत संपते त्या संध्याकाळी मुंबईत काळा घोड्याला, जहांगीर कलादालनाच्या दाराशी थोडा वेळ उभं राहून पाहा. बबल रॅपमध्ये गुंडाळलेली चित्रं एकेक करून टेम्पोत चढत असतात. चित्रकाराचा भाऊ नाहीतर मित्र दोरी आवळत असतो. उरलेल्या माहितीपत्रकांचा गठ्ठा कुणाच्या तरी काखेत असतो. चित्रकाराच्या चेहऱ्यावर सात दिवस उभं राहिल्याचा शीण असतो आणि एक प्रश्न असतो: आता पुढे काय?

जळगाव, सांगली, अकोला, रत्नागिरी, कुठून कुठून ही मुलं येतात. तारीख मिळावी म्हणून त्यांनी काही वर्षं वाट पाहिलेली असते. दालनाचं भाडं, फ्रेमा, छपाई, टेम्पो, मुंबईत राहण्याचा खर्च हे सगळं शिकवण्या घेऊन आणि भिंती रंगवून साठवलेल्या पैशातून झालेलं असतं. दोन चित्रं विकली गेली तर त्यातलं एक मामांनी घेतलेलं असतं. परतताना प्रवासात त्या मुलाच्या मनात येतं की आपल्या कामातच काही नसावं.

बहुतेक वेळा ते खरं नसतं. काम चांगलं असतं, क्रम चुकलेला असतो. भिंत आधी आणि माणसं नंतर, असा हिशेब त्याने धरलेला असतो. कलेच्या जगात नाव होतं ते उलट्या क्रमाने. आधी चार जाणकार माणसं तुमचं काम पुन्हापुन्हा पाहतात, त्याबद्दल आपसात बोलतात, मग भिंत मिळते. हा लेख त्या चार माणसांबद्दल आहे आणि ती जोडण्यासाठी काय काय करावं लागतं त्याबद्दल आहे. कला महाविद्यालयातून नुकते बाहेर पडलेले, चित्रकलेची नोकरी करत रात्री स्वतःचं काम करणारे, आणि पहिल्या प्रदर्शनाच्या खर्चाची बेरीज मांडून बसलेले वाचक माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

आपल्याच शहरातली जुनी हकिगत आठवू. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे हे सहा जण. आज त्यांच्या चित्रांच्या किमती वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येतात, पण तेव्हा त्यांच्यापाशी काय होतं? सूझांना जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून काढून टाकलेलं होतं. आरांनी घरकामं करून पोट भरलं होतं. हुसेन सिनेमाची मोठाली पोस्टरं रंगवत. जहांगीर कलादालन तर तेव्हा नव्हतंच, ते उघडलं १९५२ साली. त्यांच्यापाशी होती ती माणसं. युरोपातल्या नाझी राजवटीपासून निसटून मुंबईत आलेले तिघे होते. वॉल्टर लँगहॅमर टाइम्स ऑफ इंडियात कलादिग्दर्शक होते. त्यांच्या घरी चित्रकार जमत, पुस्तकं पाहत, वाद घालत. रूडी फॉन लायडन वर्तमानपत्रात कलासमीक्षा लिहीत. इमॅन्युएल श्लेसिंगर औषधांच्या धंद्यात होते आणि ते चित्रं विकत घेत. चौथे आपल्याच मुंबईचे केकू गांधी. त्यांचा व्यवसाय फ्रेमांचा, आणि फ्रेमच्या दुकानात ते या पोरांची चित्रं लावत. पुढे १९६३ साली त्यांनी आणि खोर्शेद गांधी यांनी जहांगीरच्याच इमारतीत केमोल्ड गॅलरी सुरू केली.

बसायला जागा देणारा एक, लिहिणारा एक, विकत घेणारा एक आणि फ्रेम करून दुकानात लावणारा एक. शिवाय एकमेकांची चित्रं निर्दयपणे पाहणारे ते सहा जण स्वतः. सगळे मिळून दहा माणसं. भारतीय आधुनिक चित्रकलेचं एवढं मोठं प्रकरण सुरू झालं ते एवढ्याशा घोळक्यातून.

लंडनच्या टेट संग्रहालयाचे संचालक राहिलेले अॅलन बाउनेस यांनी हाच अनुभव १९८९ मध्ये एका छोट्या पुस्तकात सूत्रासारखा मांडला. कलावंताला ओळख मिळते ती चार वर्तुळांतून, असं ते म्हणतात. पहिलं वर्तुळ बरोबरीच्या कलावंतांचं, दुसरं गंभीरपणे लिहिणाऱ्यांचं, तिसरं गॅलरी आणि संग्राहकांचं, आणि चौथं सर्वसामान्य लोकांचं. हा क्रम फार क्वचित उलटतो. आपल्याकडची बरीच निराशा यातून येते की आपण पहिली दोन वर्तुळं ओलांडून थेट तिसऱ्याचं दार ठोठावतो. ते उघडलं नाही की चौथ्याकडे, म्हणजे समाजमाध्यमांवरच्या अनोळखी गर्दीकडे वळतो. तिथे अंगठे मिळतात. अंगठ्यांनी मन सुखावतं, पण पुढच्या चित्राला त्यांचा उपयोग होत नाही.

म्हणून सुरुवात पहिल्या वर्तुळापासून.

तुमच्या बॅचमधले किंवा तुमच्या गावात चित्रं काढणारे असे चार-पाच जण निवडा ज्यांचं काम तुम्हाला आवडतं आणि जे तोंडावर खरं बोलतात. महिन्यातून एकदा एकाच्या घरी जमा. ज्याच्या घरी जमलात त्याचं काम भिंतीला टेकवून ठेवा. त्याने स्वतः पहिली पंधरा मिनिटं काहीच बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. हे फार अवघड जातं, पण चित्र लोकांना काय सांगतं आणि तुम्ही ते काय सांगावं अशी अपेक्षा धरून बसला आहात, यातलं अंतर तिथेच कळतं. माझ्या ओळखीच्या एका गटाने पुण्यात सहा वर्षं असं केलं. त्यातल्या कुणालाही त्या काळात मोठा पुरस्कार मिळाला नाही. पण एकाला एका क्युरेटरने कामं पाहायला बोलावलं तेव्हा त्याने बाकीच्या तिघांची नावं सांगितली, आणि क्युरेटर पुण्याला येऊन चौघांचंही काम पाहून गेले. नाव पुढे जाण्याची सगळ्यात जुनी आणि अजूनही सगळ्यात खात्रीची वाट ही: एक चित्रकार दुसऱ्याचं नाव घेतो. ते नाव उगीच घेतलं जात नाही. नाव घेणाऱ्याची पत त्यात अडकलेली असते.

सुधीर पटवर्धन यांचं उदाहरण मला या बाबतीत फार मोलाचं वाटतं. त्यांनी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतलं आणि ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून २००५ पर्यंत व्यवसाय केला. चित्रकला ते स्वतःहून शिकले. कला महाविद्यालयाची पदवी नाही आणि दिवसभर दवाखाना, असं असूनही १९७९ मध्ये त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन दिल्लीत झालं. १९८१ मध्ये ‘प्लेस फॉर पीपल’ या गाजलेल्या समूहप्रदर्शनात भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी आणि जोगेन चौधरी यांच्या जोडीने ते होते. कॅटलॉगमधलं लेखन गीता कपूर यांचं होतं. त्या प्रदर्शनाला एक म्हणणं होतं: आपल्या भोवतालची माणसं आणि जागा चित्रात परत आल्या पाहिजेत. सहा चित्रकार आणि एक समीक्षक एका म्हणण्याभोवती एकत्र आले, म्हणून चाळीस-पन्नास वर्षांनीही त्याची चर्चा होते. तुम्ही समूहप्रदर्शन करणार असाल तर भाडं वाटून घेता येतं एवढ्याच कारणाने करू नका. एकत्र का, याचं उत्तर आधी शोधा.

नोकरी आहे म्हणून चित्रकार होता येत नाही अशी खंत बाळगणाऱ्यांनी पटवर्धनांची ठाण्याची लोकल, चाळी, कारखाने आणि इराणी हॉटेलातली माणसं नीट पाहावीत. दवाखान्याने त्यांना भाडं भरायला पैसे दिले, आणि ठाण्यातला पोखरण रस्ता, उल्हासनगर अशा वस्त्यांतून येणाऱ्या माणसांकडे पाहण्याची नजर त्यांनी स्वतः कमावली.

आता कामाबद्दल. क्युरेटर किंवा गॅलरीवाला तुमचं एक चित्र पाहून ठरवत नाही. त्याला पंधरा ते वीस कामांचा असा संच पाहायचा असतो ज्यातली कामं एकमेकांना धरून उभी आहेत. एक निसर्गचित्र, एक अमूर्त, एक गणपती आणि एक व्यक्तिचित्र असा नमुन्यांचा खोका दाखवला की समोरच्याला एवढंच कळतं की हात चालतो. हात चालणारे महाराष्ट्रात हजारो आहेत. कला महाविद्यालयं हात तयार करतातच. प्रश्न असतो तो हा माणूस कशामागे लागला आहे, याचा.

प्रभाकर पाचपुते कोळशामागे लागले. चंद्रपूर जिल्ह्यातलं सास्ती हे त्यांचं गाव कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यात येतं आणि घरातल्या पिढ्या खाणीत राबलेल्या. खैरागढ आणि मग बडोदा इथे शिकून ते मुंबईत आले. २०१२ मध्ये क्लार्क हाउस इनिशिएटिव्ह या जागेत त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन झालं. ही जागा क्युरेटरांनी चालवलेली, झगमगाट नसलेली. तिथल्या भिंतींवरच त्यांनी कोळशाने चित्रं काढली. साधन तेच, विषयही तोच. खाणीतल्या माणसाचं डोकं कंदील होतं, नाहीतर जमिनीचा तुकडा होतं. पुढे कोची, इस्तंबूल असे बिएनाले झाले आणि २०२१ मध्ये वेल्समधल्या कार्डिफचा आर्टेस मुंडी पुरस्कार त्या वर्षीच्या सहाही कलावंतांना मिळून दिला गेला, त्यात पाचपुते होते. सास्तीहून कार्डिफला जायला त्यांना विषय बदलावा लागला नाही. उलट विषय जितका सास्तीचा राहिला तितका तो दूरवर पोचला, कारण जमीन गेल्याचं आणि खाणीत माणूस झिजल्याचं दुःख जगातल्या पुष्कळ ठिकाणी आहे.

अमोल पाटील यांचंही तसंच. आजोबा पोवाडे रचणारे, वडील मुंबई महापालिकेत नोकरी करून नाटकं लिहिणारे. घरात राहिलेल्या त्या कागदांतून आणि आठवणींतून त्यांनी काम उभं केलं आणि २०२२ मध्ये ते जर्मनीतल्या कासेल इथल्या पंधराव्या डॉक्युमेंटामध्ये होते. तुमच्या घरातही अशी एखादी ट्रंक असेल. ती आधी उघडा.

इथे एक व्यावहारिक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण तिच्याबद्दल फार गैरसमज आहेत. डॉक्युमेंटा, व्हेनिस किंवा कोचीच्या मुख्य प्रदर्शनासाठी तुम्ही अर्ज करून शुल्क भरायचं नसतं. क्युरेटर फिरतात, पाहतात आणि बोलावतात. म्हणून ‘तुमची आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठी निवड झाली आहे, सहभाग शुल्क इतके युरो’ असा ईमेल आला की तो बंद करा. पैसे घेऊन पदक, पैसे घेऊन परदेशी दालनात एक फूट भिंत, पैसे घेऊन जाडजूड पुस्तकात एक पान, हा मोठा धंदा आहे आणि तो छोट्या गावातल्या चित्रकारांच्या आशेवर चालतो. अशा पदकांनी भरलेला बायोडाटा जाणकार माणूस पाहतो तेव्हा त्याचं मत खाली जातं, वर जात नाही. विद्यार्थ्यांसाठी मात्र एक खरी वाट आहे: कोचीच्या बिएनालेसोबत २०१४ पासून विद्यार्थ्यांचा स्वतंत्र बिएनाले भरतो आणि त्यात देशभरातल्या कला महाविद्यालयांतली मुलं असतात. आपल्या प्राध्यापकांना त्याबद्दल विचारत राहा.

शुल्क घेणाऱ्या सगळ्याच स्पर्धा वाईट असं मी म्हणत नाही. १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन, १९१८ पासूनची आर्ट सोसायटी ऑफ इंडिया, कला संचालनालयाचं महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन आणि दिल्लीच्या ललित कला अकादमीचं राष्ट्रीय प्रदर्शन यांना परंपरा आहे. तिथे परीक्षक म्हणून चित्रकारच बसतात, म्हणजे पहिलं वर्तुळच बसतं. तिथे चित्र लागणं हे बक्षिसापेक्षा जास्त कामाचं असतं. लागलंच तर उद्घाटनाला जाऊन फोटो काढून परत फिरू नका. दोन दिवस थांबा, इतरांची कामं पाहा, आवडलेल्या कामाच्या चित्रकाराला शोधून त्याच्याशी बोला.

शिष्यवृत्त्यांकडे आपले विद्यार्थी कमी लक्ष देतात, याचं मला वाईट वाटतं. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे. ती १८ ते २५ वयोगटासाठी, दोन वर्षं, दरमहा ५००० रुपये. त्यापुढच्या वयासाठी कनिष्ठ आणि वरिष्ठ पाठ्यवृत्त्या आहेत. रक्कम आणि अटी त्या वर्षीच्या जाहिरातीत तपासून घ्या. दिल्लीची खोज ही संस्था, जी १९९७ पासून काम करते, नुकत्याच पदवी घेतलेल्या कलावंतांना काही आठवडे एकत्र राहून काम करायला बोलावते. इनलॅक्स आणि बेंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स यांचीही अनुदानं आहेत. अशा एकत्र राहून काम करण्याचा, म्हणजे रेसिडेन्सीचा, खरा फायदा पैशाचा नसतो. मणिपूर, केरळ, बंगालमधले तुमच्याच वयाचे पाच कलावंत तिथे भेटतात, आणि पहिलं वर्तुळ एकदम जिल्ह्याबाहेर जातं.

अर्ज इंग्रजीत करावा लागतो म्हणून अनेक जण करतच नाहीत. आधी मराठीत लिहा. आपल्या कामाबद्दल दीडशे शब्द. मी काय काढतो, कशाने काढतो, आणि कुठून हे सुचलं, बस. ‘मानवी अस्तित्वाचा शोध’ आणि ‘अवकाशाची गूढता’ असले शब्द कुणाच्याही चित्राला चिकटवता येतात, म्हणून ते तुमच्या कामाबद्दल काहीच सांगत नाहीत. ‘माझे वडील एसटीत कंडक्टर होते, मी तिकिटांच्या उरलेल्या रद्दीवर काम करतो’ हे वाक्य कुठल्याही परीक्षकाला थांबवतं. मराठीत असं साफ लिहिलं की चांगलं इंग्रजी जाणणारा मित्र तासाभरात भाषांतर करून देतो. मुळात धुरकट असलेलं कुणालाच भाषांतरित करता येत नाही.

लिहिण्याचा मुद्दा निघाला आहे तर दुसऱ्या वर्तुळाबद्दल बोलू. मराठीत कलेवर गंभीरपणे लिहिणारे नेहमीच थोडे होते, पण जे होते त्यांनी फार मोठं काम केलं. ज्ञानेश्वर नाडकर्णींनी वर्तमानपत्रांतून चित्रं पाहायला शिकवलं. प्रभाकर कोलते चित्र काढता काढता चित्राबद्दल लिहीत आले. सतीश नाईक यांच्या ‘चिन्ह’ या नियतकालिकाने चित्रकार वासुदेव गायतोंडे हा माणूस मराठी वाचकांपुढे उभा केला. आज वर्तमानपत्रांतली कलासमीक्षेची जागा आटली आहे, हे खरं दुखणं आहे. मग काय करायचं? तुमच्या गटातलं कुणीतरी लिहिणारं असेल तर त्याला लिहितं करा. शहरातल्या मराठीच्या प्राध्यापकाला, नाटकवाल्याला, कवीला स्टुडिओत बोलवा. तुमच्या प्रदर्शनाच्या पत्रकात मान्यवरांच्या शुभेच्छांऐवजी त्या माणसाने पाहून लिहिलेली दोन पानं छापा. शुभेच्छा दुसऱ्या दिवशी रद्दीत जातात. कामाकडे पाहून लिहिलेली दोन पानं वीस वर्षांनीही कुणीतरी संशोधक शोधत येतो.

आणि स्वतःच्या नोंदी ठेवा. चित्रकार प्रभाकर बरवे १९९५ मध्ये गेले. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन झालं. मध्ये चोवीस वर्षं गेली. त्या प्रदर्शनात लोक चित्रांसमोर उभे होते तितकेच त्यांच्या डायऱ्या वाचत उभे होते. बरव्यांनी आयुष्यभर वह्यांतून विचार केला होता आणि त्या वह्या जपल्या गेल्या, म्हणून त्यांच्या चित्रांपर्यंत पोचायला नव्या पिढीला वाट सापडली.

नोंदवही कशी ठेवायची? प्रत्येक कामाला एक क्रमांक द्या. शीर्षक, साल, माध्यम, मोजमाप (आधी उंची, मग रुंदी), कुठे लागलं, कुणाकडे गेलं आणि केवढ्याला. चित्राच्या मागे तोच क्रमांक, सही आणि साल. फ्रेम करण्याआधी दिवसाच्या सावलीतल्या उजेडात, सरळ समोरून एक चांगला फोटो. काच लावल्यावर काढलेल्या फोटोत तुमचाच चेहरा दिसतो. हे कंटाळवाणं वाटतं, पण आज जुन्या चित्रकारांच्या नावावर जी बनावट चित्रं फिरतात त्यांना आळा घालणं अवघड जातं ते अशा वह्या नसल्यामुळे. विकलेल्या चित्राची नोंद नसेल तर उद्या मोठं प्रदर्शन करायची वेळ आली की तुमचं उत्तम काम कुणाच्या दिवाणखान्यात आहे हे तुम्हालाच ठाऊक नसतं.

आता गॅलरी. दालनं दोन प्रकारची असतात आणि हा फरक न कळल्याने खूप पैसे वाया जातात. जहांगीर, वरळीचं नेहरू सेंटर, पुण्याचं बालगंधर्व कलादालन, कोल्हापूरचं शाहू स्मारक इथे तुम्ही भाडं भरता आणि प्रदर्शन तुमचं असतं. गर्दी चांगली होते, रस्त्यावरून जाणारा माणूस आत येतो, आणि ही फार लोकशाही गोष्ट आहे, तिला कमी लेखू नये. पण प्रदर्शन संपलं की दालनाचं आणि तुमचं नातं संपतं. दुसऱ्या प्रकारची गॅलरी भाडं घेत नाही. ती कलावंत निवडते, विक्रीतला वाटा घेते आणि वर्षानुवर्षं त्याच्यासाठी धावते: संग्राहकांना दाखवते, दिल्लीच्या किंवा मुंबईच्या आर्ट फेअरला नेते, संग्रहालयांशी बोलते. हा वाटा साधारण तीस ते पन्नास टक्क्यांपर्यंत असतो. निम्मे पैसे जातात म्हणून चिडू नका. जी गॅलरी खरंच हे सगळं करते, तिचा तो हक्क आहे. जी भाडंही घेते आणि वर वाटाही मागते, तिला मात्र दहा प्रश्न विचारा.

अशा गॅलरीकडे जायचं कसं? आधी प्रेक्षक म्हणून जा. कुलाबा, फोर्ट, काळा घोडा या परिसरातल्या गॅलऱ्यांत शिरायला तिकीट लागत नाही. दार बंद आणि आतला माणूस इंग्रजी बोलणारा दिसला की आपली मुलं बाहेरूनच परत फिरतात. बेल वाजवा, आत जा, मराठीत किंवा हिंदीत बोला. तुमचा तो अधिकार आहे. वर्षभर त्यांची प्रदर्शनं पाहा. त्यातून कळेल की ही गॅलरी तुमच्या जातकुळीचं काम दाखवते की नाही. मग एक छोटा ईमेल: चार ओळी, दहा कामांचे फोटो असलेली एक हलकी पीडीएफ, दीडशे शब्द. उद्घाटनाच्या संध्याकाळी पोर्टफोलिओ घेऊन मालकाला गाठू नका. ती संध्याकाळ दुसऱ्या चित्रकाराची असते. उत्तर आलं नाही तर सहा महिन्यांनी, नवं काम झाल्यावर पुन्हा लिहा.

‘सायन्स’ या नियतकालिकात २०१८ मध्ये एक अभ्यास आला होता. जगभरातल्या सुमारे पाच लाख कलावंतांच्या प्रदर्शनांच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. ज्यांना सुरुवातीलाच नामांकित संस्थांची दारं उघडली ते बहुधा शेवटपर्यंत वर राहिले. हे ऐकून जीव खट्टू होतो, कारण चंद्रपूरच्या मुलाला ती दारं सहज दिसतही नाहीत. पण खालून सुरुवात करून वर गेलेले थोडे होतेच, आणि ते एकाच ठिकाणी पुन्हापुन्हा न लावता सुरुवातीच्या वर्षांत वेगवेगळ्या ठिकाणी काम दाखवत फिरले होते. म्हणून माझा आग्रह असतो की त्याच दालनात दर दोन वर्षांनी भाडं भरून प्रदर्शन करण्यापेक्षा तेच पैसे बडोदा, भोपाळ, गोव्यातला डिसेंबरचा सेरेंडिपिटी महोत्सव, कोची अशा प्रवासांवर आणि तिथल्या समूहप्रदर्शनांवर घालवा.

किमतीबद्दल एकच नियम पाळा: एका आकाराच्या, एका माध्यमाच्या कामाची किंमत सगळीकडे सारखी. अनेक चित्रकार चौरस इंचाचा दर ठरवतात, ती पद्धत नवख्यांना सोयीची आहे. गॅलरीत साठ हजार आणि घरी आलेल्याला तीस हजार असं केलंत की गॅलरीला आठवड्यात कळतं. किंमत हळूहळू वाढवता येते, खाली आणता येत नाही. ज्याने जास्त देऊन घेतलं तो दुखावतो. आणि लिलावाच्या बातम्या वाचून स्वतःची किंमत ठरवू नका. गायतोंड्यांचं एक चित्र २०२१ मध्ये जवळपास ४० कोटींना गेलं, पण ते स्वतः दिल्लीत फार साधेपणाने, वर्षाकाठी मोजकीच चित्रं काढत जगले आणि २००१ मध्ये गेले. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं ते २०१४ मध्ये. लिलावातला पैसा चित्राच्या त्या वेळच्या मालकाचा असतो.

तसं कायद्याने चित्रकाराचाही त्यात थोडा वाटा मानलेला आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ मधल्या कलम ५३अ नुसार दहा हजार रुपयांहून जास्त किमतीला मूळ चित्राची पुनर्विक्री झाली तर चित्रकाराला किंवा वारसांना दहा टक्क्यांपर्यंत वाटा मिळू शकतो. प्रत्यक्षात तो कुणी मागत नाही आणि कुणी देत नाही. पण आणखी तीन कलमं रोजच्या कामाची आहेत. चित्र विकलं तरी त्याच्या छपाईचा हक्क आपोआप विकला जात नाही, तो लेखी द्यावा लागतो. लेखी देताना मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. मात्र कुणी पैसे देऊन मुद्दाम चित्र किंवा व्यक्तिचित्र काढून घेतलं तर वेगळा करार नसल्यास कॉपीराइट काढून घेणाऱ्याचा होतो. म्हणून कामाची ऑर्डर घेताना एक ओळ लिहून घ्या. आणि कलम ५७: चित्र विकल्यावरही त्याची मोडतोड करून तुमच्या नावाला बट्टा लावण्याचा अधिकार मालकाला नाही. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं विज्ञान भवनातलं कांस्यशिल्प सरकारने उखडून गोदामात टाकलं होतं, आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते त्यांना परत द्यायला लावलं, वर नुकसानभरपाईही दिली.

चित्रं विक्रीसाठी ठेवताना पावती घ्याच. कामांची यादी, किंमत, वाटा, विक्रीनंतर किती दिवसांत पैसे, वाहतुकीत नुकसान झालं तर जबाबदारी कुणाची, न विकलेली कामं परत कोणत्या तारखेला. माझ्या जवळच्या एका मैत्रिणीची अकरा मुद्राचित्रं एका दालनात चार वर्षं अडकली होती. शेवटी परत आली ती ओल लागून, कडांना तपकिरी डाग पडून. तिच्याकडे पावती नव्हती. विश्वासावर दिली होती. विश्वास असला तरी पावती घेतली तर कुणी रागावत नाही, आणि जो रागावतो त्याच्याकडे चित्रं ठेवू नयेत.

मुंबईपासून दूर राहणाऱ्यांना हे सगळं ऐकून वाटेल की आपल्याला नाहीच जमायचं. पण कोल्हापूरकडे पाहा. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर, रवींद्र मेस्त्री ही नावं त्या गावाने स्वतःच्या बळावर उभी केली, कारण तिथे चित्र पाहणारा आणि चित्राबद्दल बोलणारा माणूस होता. डहाणूजवळच्या पाड्यावरचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे १९७५ मध्ये केमोल्डच्या भिंतीवर पोचले ते भास्कर कुलकर्णी या एका चित्रकाराने त्यांचं काम पाहून ओळखलं म्हणून. पुढे २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. म्हसे पाड्यावरच राहिले. एका जाणत्या चित्रकाराची नजर त्यांच्यापर्यंत चालत गेली होती. तुमच्या तालुक्यात अशी नजर नसेल तर ती तयार करण्याचं काम तुमच्याकडेच येतं. शाळेच्या रिकाम्या वर्गात, ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर, मंगल कार्यालय मोकळं असेल त्या दिवशी दहा चित्रं लावा आणि तिथे दिवसभर बसा.

प्रदर्शनाची तारीख हातात असेल तर ती सोडू नका. पण अजून पैसे भरले नसतील तर आधी एवढं करा. येत्या रविवारी पंधरा कामं घराच्या भिंतीला टेकवा. चार माणसांना चहाला बोलवा: एक चित्रकार, एक लिहिणारा, एक तुमच्याहून वीस वर्षांनी मोठा कलावंत, आणि एक असा जो चित्रं विकत घेऊ शकेल. ती काय म्हणतात ते त्या रात्रीच वहीत उतरवा, आणि तीन महिन्यांनी नवी कामं झाली की त्यांनाच पुन्हा बोलवा.